ब्लिट्झचं रेटिंग नुसतं खेळून वाढत नाही, घासून वाढतं

तीन_अधिक_दोन (धरमपेठ)
जुलै २०२५ मध्ये आपल्या दिव्या देशमुखने बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि नागपुरात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर घोडे नाचू लागले. छानच झालं. पण मेट्रोत, कॉलेजच्या कँटीनमध्ये, तर्री-पोह्यांच्या ठेल्यापाशी जो तो तीन मिनिटांचे ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव एकामागून एक ठोकतोय आणि रेटिंग मात्र जागचं हलत नाही. मग ऐकायला मिळतं, 'आपल्यात तेवढं डोकं नाही.'

डोक्याचा इथं फारसा संबंध नाही. ३+० मध्ये (प्रत्येकाला तीन मिनिटं, वर काही नाही) चाळीस चाली करायच्या तर एका चालीला साडेचार सेकंद मिळतात, ३+२ मध्ये (दर चालीला दोन सेकंदांची भर, म्हणजे इन्क्रिमेंट) साडेसहा. एवढ्यात कोणी विचार करत नाही, आधी पाहिलेलं ओळखतो. ही ओळख वाढवायची तर घड्याळ बंद ठेवून बसावं लागतं.

माझं म्हणणं: पांढऱ्याकडून एक ओपनिंग (सुरुवातीच्या ठरलेल्या चाली), काळ्याकडून समोरच्याच्या ई४ या पहिल्या चालीला एक आणि डी४ ला एक, बस. ३+० सोडा, ३+२ खेळा. दोन-चार डाव झाले की थांबा आणि लिचेस या साइटवर प्रत्येक चालीला किती वेळ लागला त्याचा आलेख उघडा. इंजिन, म्हणजे संगणकाचं विश्लेषण, नंतर. वीस सेकंद ज्या चालीवर गेले, तीच तुमची कच्ची जागा.

बर्डीचा_बुलेटराजा
बाप्पा! खेळ आहे का यूपीएससी? दिवसभर ऑफिसात डोकं लावून माणूस घरी जाताना पाच मिनिटं मजा करून राहिला, तं त्याला पण आलेख दाखवता? आणि भाऊ, खेळून खेळूनच हात बसतो. पोहणं पुस्तकातून कोणी शिकलं का?

तीन_अधिक_दोन
हात बसतो, पण कशावर? काळ्याची कॅरो-कान ही ओपनिंग घ्या. ई४ सी६, डी४ डी५, पांढरा घोडा सी३, प्याद्यांची मारामारी, घोडा ई४ वर. काळा घोडा डी७ वर आणतो. आता पांढरा वजीर ई२ वर येतो. चाल दिसायला गचाळ, स्वतःचाच उंट अडवणारी. सवयीने हात बसलेला काळा खेळाडू इथं दुसरा घोडा एफ६ वर टाकतो, बऱ्याचदा प्रीमूव्हच (समोरच्याच्या चालीआधीच दिलेली चाल) करून ठेवतो. पांढरा घोडा डी६, मात. ई७ चं प्यादं वजिराने बांधलेलं आहे, हललं तर राजा उघडा पडतो, म्हणून ते घोड्याला मारू शकत नाही, आणि राजाभोवती सगळी घरं त्याच्याच माणसांनी भरलेली.

हे शंभर वेळा खाऊनही लोक तेच खेळतात, कारण 'पुढचा डाव' चं बटण समोरच असतं. घड्याळाशिवाय एकदा ही स्थिती मांडून बघा. त्यानंतर वजीर ई२ वर आला की हात आपोआप थांबेल.

वजीरवाली_ताई
मी लहान मुलांना शिकवते, म्हणून दोघांशीही माझं भांडण. ३+२ ने काय साधणार? ज्याला 'समोरच्याने ही चाल का केली' हा प्रश्न दर चालीला विचारायची सवय नाही, त्याने ब्लिट्झला हातच लावू नये. माझ्याकडे पोरं येतात, पटावर बसल्या बसल्या धडाधड चाली करतात आणि स्पर्धेत निम्म्याहून जास्त वेळ शिल्लक ठेवून हरतात. आधी लांब डाव, लिहून काढलेले. वेग आपसूक येतो.

बर्डीचा_बुलेटराजा
ताई, मग दिव्या कशी जिंकली? फायनल टायब्रेकमध्येच, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या झटपट डावांवर गेली न. आणि समोर कोनेरू हंपी, २०१९ आणि २०२४ ची रॅपिड जगज्जेती. वेगातच हरवलं तिला.

वजीरवाली_ताई
अरे, रॅपिडमध्ये हरवलं. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमात रॅपिड म्हणजे दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ. तुम्ही ऑनलाइन दहा मिनिटांचा डाव 'रॅपिड' म्हणून खेळता, तोही फिडेच्या लेखी ब्लिट्झच. आणि टायब्रेकच्या आधी दोघींमध्ये क्लासिकलचे (लांब वेळेचे) दोन डाव बरोबरीत सुटले होते, ते कसे विसरतोस? दिव्याचा वेग लहानपणापासूनच्या लांब डावांवर उभा आहे. रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला तोही आपल्याच गावचा, आणि तो किताब त्याला मोबाइलवर मिळालेला नाही.

खापरी_ते_सिताबर्डी
तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या, माझं म्हणणं साधं आहे. अर्धे लोक मेट्रोत नेटवर्क गेलं म्हणून हरतात आणि घरी येऊन ओपनिंग बदलतात. मोबाइलवर बोट घसरून वजीर भलत्या घरात पडतो, त्याला कुठला सराव करणार? तुमचा तो आलेख काढला ना, तरी ती वीस सेकंद बोगद्यात शिरल्यासारखी गायब झालेली दिसतील, विचारात गेलेली नाही. घरी, चांगल्या नेटवर, एकाच पडद्यावर खेळा. उरलेलं नंतर बोलू.

महाल_हत्तीघर
ओपनिंगवर एवढं बोलणं चाललंय, पण ब्लिट्झचे डाव शेवटी हत्ती-प्याद्यांवर येऊन पडतात. समोरच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, आपल्याकडे नुसता हत्ती, घड्याळात आठ सेकंद. लोक शह देत सुटतात आणि हरतात. फिलिडोरची पद्धत पाठ हवी: राजा प्याद्यासमोर शेवटच्या ओळीत, हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीवर आडवा धरायचा, त्याचा राजा पुढे येऊच द्यायचा नाही. प्यादं त्या ओळीवर सरकलं की हत्ती थेट पार पलीकडे नेऊन मागून शह. आता त्याच्या राजाला आडोसा नाही. एवढं हाताला असलं तर आठ सेकंदांत बरोबरीचा अर्धा गुण वाचतो, आणि इन्क्रिमेंट असेल तर हमखास वाचतो.

तीन_अधिक_दोन
हत्तीघर, पटलं, हे माझ्या यादीत हवंच होतं. ताई, मुलांबाबत तुमचं खरं. पण पस्तिशीतल्या नोकरदाराला 'वर्षभर लांब डाव खेळ, मग ब्लिट्झकडे ये' असं सांगाल तर तो बुद्धिबळच सोडेल. त्याच्याकडे रात्रीचा अर्धा तास आहे. त्यातली दहा मिनिटं पझल, तीही वेळेशिवाय, उत्तर पूर्ण दिसेपर्यंत चाल न करता. बाकी वेळात दोन डाव आणि त्यांची चिरफाड. एवढ्यात फरक पडतो असं माझं ठाम मत आहे.

वजीरवाली_ताई
वेळेशिवाय पझल, हे मान्य. त्या दोन डावांऐवजी एकच पंधरा मिनिटांचा खेळायला लावेन, तिथं माघार नाही.

बर्डीचा_बुलेटराजा
तो ई२ चा वजीर आताच पाहून राहिलो. च्यायला, खरंच मात आहे. फिलिडोर पण शिकून घेतो, पण ३+० काही सुटणार नाही, सांगून ठेवतो.