टी-नंबर घ्यावा की नाही?

गौरी (कावासाकी), 3 फेब्रुवारी 2025

नमस्कार मंडळी,

हळदीकुंकवाला हा विषय निघाला आणि तिळगुळात विरघळला, म्हणून इथे लिहितेय. मी इथे जपानात घरून जपानी-इंग्रजी भाषांतरं करते. वर्षाला 50 लाख येनच्या आतबाहेर मिळतात, त्यातले महिन्याला 3 लाख एकाच एजन्सीकडून. काल तिचा मेल आला: एप्रिलपासून बिलावर टी-नंबर (कर खात्यातल्या नोंदणीचा क्रमांक) टाका, नाहीतर शोहीझेईचे, म्हणजे इथल्या जीएसटीसारख्या कराचे, 10 टक्के देता येणार नाहीत. मेलमध्ये तीन वेळा 'ओनेगाई' (कृपया), पण सुरी ती सुरीच.

वर्षाची विक्री 1 कोटी येनच्या आत असेल तर शोहीझेई भरावा लागत नाही, म्हणून मी इतकी वर्षं निर्धास्त होते. आता काय करू? आणि त्या नंबरातून माझा माय-नंबर (इथला आधारसारखा खासगी क्रमांक) बाहेर फुटतो का?

सुनीता (निशिकासाई), 3 फेब्रुवारी

गौरी, मी ऑक्टोबर 2023 मध्ये बिलावरच्या नंबराचा हा 'इन्व्हॉइस' नियम लागू झाला तेव्हाच नंबर घेतला. घरचे डबे घेणारी आपली मुलं कधी विचारत नाहीत, पण दोन ऑफिसांना दुपारचे डबे जातात, त्यांनी पहिल्याच महिन्यात विचारलं.

नंबर मिळणं सोपं, बिल जमवणं कठीण. डबा नेऊन दिला तर 8 टक्के, हॉलवर जाऊन पंगत वाढली तर 10. दोन्हींच्या बेरजा बिलावर वेगळ्या दाखवायच्या. माझं पहिलं बिल सात येनसाठी परत आलं! 690 येनचा डबा, कर 55.2, मी दर डब्यामागे 55 धरून 37 ने गुणलं, झाले 2,035. त्यांच्या हिशेबाच्या बाई म्हणाल्या, आधी सगळी बेरीज करा, मग एकदाच कर काढा: 25,530 वर 2,042. एका बिलात एका दरासाठी पूर्णांक एकदाच करायचा असतो. सात येनसाठी नवीन बिल, नवीन शिक्का. मी ते चिकटवून ठेवलंय फ्रिजवर.

प्रसाद (योकोहामा), 4 फेब्रुवारी

गौरीताई, मी हिशेबाच्या ऑफिसात आहे, पण हा सल्ला मंडळाच्या चहावरचा समजा. सही करण्याआधी झेइरिशींना (कर सल्लागारांना) एकदा विचारा.

आधी भीती काढतो. धंदा स्वतःच्या नावावर असेल तर टी आणि त्यापुढचे 13 आकडे यांचा माय-नंबरशी संबंध नाही. कर खात्याच्या साइटवर नाव मात्र दिसतं. पत्ता तुम्ही मागितल्याशिवाय छापत नाहीत.

आता पैसे. एजन्सी तुम्हाला 3 लाख आणि वर 30 हजार कर देते. तुम्ही नंबरवाल्या असाल तर ते 30 हजार ती स्वतः भरायच्या शोहीझेईतून पूर्ण वजा करते. नंबर नसेल तर सध्या 80 टक्के, म्हणजे 24 हजार वजा होतात. तिचं नुकसान 6 हजारांचं आणि कापायला निघालीय 30!

दुसरी बाजू बघा. नंबर घेतलात की तुम्हालाही शोहीझेई भरावा लागणार. पण मुळात सूट असलेल्यांनी इन्व्हॉइससाठी नोंदणी केली तर 'निवारी तोकुरेई' (20 टक्क्यांची खास सवलत) आहे: गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या कराच्या फक्त 20 टक्के भरायचे. 30 हजारांचे 20 टक्के किती? 6 हजारच. म्हणजे भांडण महिन्याला 6 हजारांचं आहे, ते कुणाच्या खिशातून जावेत एवढंच.

पण वैयक्तिक धंद्याला ही सवलत 2026 च्या हिशेबापर्यंतच. त्यानंतर 'कान'इ काझेई' (लहान धंद्यांसाठीची सोपी करपद्धत) घेतलीत तर भाषांतराला 50 टक्के खर्च धरतात, म्हणजे 30 हजारांतले 15 हजार भरायचे. सुनीताकाकूंच्या पोचवलेल्या डब्यांना 70 टक्के धरतात, त्यांचं बरं आहे. एजन्सीची 80 टक्क्यांची वजावटही ऑक्टोबर 2026 पासून उतरते, तेव्हा ती पुन्हा दार ठोठावेल. आणि आत्ता नोंदणी केलीत तर दोन वर्षं मागे फिरता येत नाही.

'नंबर घ्या' अशी विनंती करणं गैर नाही. पण 'नाहीतर कापू' असं एकतर्फी कळवणं हे कोसेई तोरिहिकी इइनकाईच्या (व्यापारातल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाच्या) मते ताकदीचा गैरवापर ठरू शकतो. गेल्या नोव्हेंबरपासून फ्रीलान्सरांसाठी वेगळा कायदाही आला आहे. मेल जपून ठेवा, पण भांडू नका. आकडा लिहून पाठवा.

अविनाश (साइतामा), 4 फेब्रुवारी

भारतात नोंदणी नसेल तर जीएसटी लावताच येत नाही. इथे इतकी वर्षं लहान धंदेवाले करासकट पैसे घेऊन खिशात ठेवत होते. मग सरकारने दार लावलं तर रडायचं कशाला?

सुनीता (निशिकासाई), 4 फेब्रुवारी

अविनाश, तुझा पगार 25 तारखेला येतो. माझी डाळ महागली तेव्हा ऑफिसवाल्यांनी दर वाढवून दिला नाही, त्या 'खिशातल्या'तूनच भागवलं. वादाला ये एकदा, थालीपीठ खात बोलू.

गौरी (कावासाकी), 12 फेब्रुवारी

प्रसादचा 6 हजारांचा हिशेब चार ओळींत लिहून एजन्सीला पाठवला. आठवडाभर शांतता, मग फोन. नंबर घेणार नाही असं मी सांगितलं. शेवटी महिन्याला 3 हजार कमी घ्यायचं ठरलं, 2026 च्या सप्टेंबरपर्यंत, आणि ते लेखी मागून घेतलं. पुढचं पुढे.

एक उरलं: पुण्याच्या एका कंपनीचंही काम करते. तिथे नंबर लागतो का?

प्रसाद (योकोहामा), 12 फेब्रुवारी

नाही. ती निर्यात, शोहीझेई लागत नाही, आणि त्यांना इथली वजावट घ्यायचीच नाही. पण ती कमाई 1 कोटीच्या मोजणीत धरतात, हे विसरू नका. 50 लाखांत ती धरली होती ना?

गौरी (कावासाकी), 12 फेब्रुवारी

नव्हती. बसते वही घेऊन.