हायडनच्या अंगावरची वर्दी

मृण्मयी:
ऑस्ट्रियन संगीतकार हायडनचा १७६१चा करारनामा वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. एस्टरहाझी या हंगेरीतल्या सरदार घराण्याच्या पदरी नोकरी. पांढरे मोजे, पांढरे कपडे, केसांना पावडर, हे सगळं कलमात लिहिलेलं. रोज दुपारच्या आधी आणि नंतर दालनाबाहेर हजर राहून विचारायचं, संगीताचा हुकूम आहे का? रचलेलं सगळं मालकाचं. परवानगीशिवाय दुसऱ्या कुणासाठी काही रचायचं नाही.

हाच काळ विवेकाचा आणि माणसाच्या हक्कांचा म्हणून आपण शिकलो! म्हणून मला १७८१चा मोत्सार्ट मोठा वाटतो. त्याचा मालक असलेल्या साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या पंगतीत त्याचं पान खासगी नोकरांच्या खाली, स्वयंपाक्यांच्या वर. त्याने नोकरी सोडली, त्यापायी दरबारी अधिकाऱ्याची लाथही खाल्ली, पण परत गेला नाही. माझं मत स्पष्ट आहे: तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्याने संगीतकाराला मोकळं केलं.

जुना श्रोता:
अजिबात पटलं नाही. वर्दी दिसली, पण वर्दीच्या आत काय चाललं होतं ते बघा. हायडनच्या हाताशी रोज वाद्यवृंद होता. सकाळी लिहिलेलं वाजवून बघावं, नको ते कापावं, हवं ते घालावं. जगापासून दूर होतो, त्यामुळे मला ओरिजिनल होणं भागच पडलं, असं त्यानेच चरित्रकाराला सांगितलंय. आणि तुमचा तिकिटवाला श्रोता कोण? १७८४च्या मैफिलींसाठी मोत्सार्टने वडिलांना वर्गणीदारांची यादी पाठवली, जवळपास पावणेदोनशे नावं, त्यात सरदार-उमराव भरपूर. चार वर्षांत तो व्यापारी मित्राकडे उसने पैसे मागत होता. एका धन्याच्या जागी पावणेदोनशे धनी आले, एवढंच.

केतकी:
दोघंही पैशावर अडकलात, अभिरुचीचं काय? १७८२च्या डिसेंबरात मोत्सार्ट वडिलांना नव्या पियानो कॉन्चेर्टोंबद्दल (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनांबद्दल) लिहितो की काही जागा फक्त जाणकारांनाच कळतील, पण न कळणाऱ्यालाही का ते न कळता आवडतील. मला यात तडजोड दिसत नाही, हिंमत दिसते. १७९१चा त्याचा 'मॅजिक फ्लूट' हा ऑपेरा व्हिएन्नाच्या उपनगरातल्या थिएटरात झाला, जर्मन भाषेत. त्यात पापागेनो या पक्षी पकडणाऱ्याचं साधं, कडव्याकडव्याचं गाणं आहे, कुणीही गुणगुणावं असं, आणि त्याच रात्री त्यातल्या 'रात्रीच्या राणी'चा गळा तारसप्तकाच्याही पलीकडे जातो. टाळ्यांपेक्षा लोकांची शांत दाद जास्त सुखावते, असं त्याने बायकोला लिहिलं. ही दाद दरबारातली नव्हती.

जुना श्रोता:
उपनगरातलं थिएटर मान्य. पण लंडनला १७९१ साली हायडनच्या बारा मैफिलींची वर्गणी पाच गिनी होती, गिनी म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं. मजूर नव्हता हो तिथे.

मृण्मयी:
मजूर नव्हता, खरंच. तिकिटवाला श्रोता मी घाईत सरसकट लिहिला. पण धनी बदलल्याने फरक पडला नाही, हे मला मान्य नाही. मालकाला बॅरिटोन हे तंतुवाद्य वाजवायचा नाद होता, म्हणून हायडनने त्या वाद्यासाठी सव्वाशेच्या आसपास त्रिकुटं लिहिली. आज तो बॅरिटोन किती जणांनी ऐकलाय? १७७९च्या नव्या करारात मालकी हक्काचं कलम गेलं. लगेच व्हिएन्नाचा प्रकाशक त्याच्या रचना छापू लागला, पुढे पॅरिसहून सहा सिम्फनींची मागणी आली. वर्दी अंगावर तशीच होती. पण ती पानं आता त्याची होती.