मदत हवी आहे: अशांत शहरी वस्तीत चार संस्थांच्या कामाचा मेळ कसा घालायचा?

नमस्कार मंडळी, टोळ्यांचा गोळीबार कधीही सुरू होतो अशा एका शहरी वस्तीत आमच्यासकट चार संस्था काम करतायत, पाणी, औषधं, रेशन वगैरे, पण प्रत्येकाची यादी वेगळी, त्यामुळे एका गल्लीत दोनदा ताडपत्र्या जातात आणि मागच्या गल्लीत कोणी फिरकतच नाही. कोण, काय, कुठे करतंय याचा एकत्र तक्ता करायला घेतलाय, पण त्यात लोकांची नावं-पत्ते टाकायला मन धजत नाही, भलत्याच्या हाती लागलं तर त्यांच्या जिवावर बेतेल. तुम्ही डेटा कसा शेअर करता?

स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय किमान निकषांप्रमाणे माणशी रोज किमान 15 लिटर पाणी द्यायला हवं, इथे टँकरच नाक्यावर अडवतात. टोळीवाल्यांशी बोलणी प्रत्येकाने वेगळी करायची की सगळ्यांच्या वतीने एकानेच? मला एकानेच केलेली बरी वाटतात, नाहीतर ते आपल्याला एकमेकांविरुद्ध खेळवतात. पोलीस बंदोबस्त घेतला की आपण एका बाजूचे ठरतो म्हणून तो टाळतोय.

आणि खरी काळजी वस्तीतल्या स्वयंसेविकांची आहे, आम्ही अंधार पडायच्या आत निघतो, त्या तिथेच राहतात. त्यांच्या सुरक्षेसाठी नेमकं काय करता येतं? कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.