शब्दचर्चा : ‘आण्विक’ की ‘रेणवीय’? आणि ‘डोपिंग’ला काय म्हणावं?

प्रश्न
वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरांवर (लहान रेणू एकमेकांना जोडून बनलेल्या लांब साखळ्यांच्या पदार्थांवर) मराठीत लेख लिहिते आहे. ‘मॉलिक्युलर इलेक्ट्रॉनिक्स’साठी ‘आण्विक इलेक्ट्रॉनिकी’ असा शब्द सुचवला गेला, तो खटकतो. ‘डोपिंग’साठीही, म्हणजे वाहकता वाढवण्यासाठी पदार्थात दुसरं काही थोडं घालण्यासाठी, नेमका शब्द सापडत नाही. ‘अशुद्धी मिसळणे’ चालेल का?

प्रतिसाद
खटकतो ते योग्यच आहे. या अर्थानं ‘आण्विक’ हा शब्द हिंदीतून तसाच उचललेला आहे. हिंदीत अणु म्हणजे मॉलिक्यूल आणि परमाणु म्हणजे ॲटम. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. म्हणून तारापूरचं केंद्र हिंदीत ‘परमाणु’ आणि आपल्याकडे ‘अणुऊर्जा’. मराठी वाचकाला ‘आण्विक’ म्हटलं की अण्वस्त्रं आणि अणुभट्ट्याच आठवणार. रेणुसूत्र, रेणुवस्तुमान हे शब्द आपण शाळेपासून वापरतो, तेव्हा ‘रेणवीय इलेक्ट्रॉनिकी’ म्हणायला काहीच अडचण नाही.

इथे हा फरक फार मोलाचा आहे, कारण या विषयाची मूळ कल्पनाच एकट्या रेणूची आहे. 1974 साली अविराम आणि रॅटनर या शास्त्रज्ञांनी मांडलं की एकच रेणू डायोडचं (प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागाचं) काम करू शकेल : एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा गट, दुसऱ्या टोकाला घेणारा, मध्ये वीज सहज न जाऊ देणारा पूल. अशा रेणूतून प्रवाह एका दिशेनं सहज जाईल, उलट दिशेनं नाही. तेव्हा हे फक्त कागदावर होतं. सोन्याच्या दोन टोकांमध्ये रेणू पकडून प्रवाह मोजल्याचा प्रसिद्ध प्रयोग 1997 चा. ‘अणू’ म्हटलं तर ही सगळी रचनाच हरवते.

प्रतिसाद
‘डोपिंग’साठी ‘अशुद्धी’ नको, असं मी आग्रहानं म्हणेन. सिलिकॉनच्या बाबतीत ते एकवेळ खपेल. तिथे स्फटिकातल्या सिलिकॉनच्या काही थोड्या अणूंच्या जागी फॉस्फरस किंवा बोरॉनचे अणू बसवतात. पॉलिमरमध्ये घडतं ते वेगळंच.

पॉलिॲसिटिलीन घ्या. त्याच्या साखळीत कार्बनचे एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ शिराकावा यांच्याकडे त्याचा चंदेरी पापुद्रा तयार झाला होता. मॅकडायर्मिड आणि हीगर या शास्त्रज्ञांसोबत अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करताना त्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. हे 1977 साली प्रसिद्ध झालं, 2000 साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यात आयोडीन साखळीतल्या कुणाची जागा घेत नाही. तो साखळ्यांच्या मध्ये शिरतो, साखळीतला इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि साखळीवर धनभार उरतो. तो भार साखळीवरून सरकतो, म्हणून वीज वाहते. शाळेतल्या भाषेत सांगायचं तर हे ऑक्सिडीभवन आहे, आणि ते उलटवताही येतं. प्रमाणही सिलिकॉनच्या मानानं खूप जास्त असतं. याला भेसळ किंवा अशुद्धी म्हटलं की वाचकाची समजूतच चुकीची होते. ‘डोपिंग’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात क्रिया सांगा.

मूळ प्रश्नकर्ती
दोन्ही पटलं. आयोडीनचं उदाहरण लेखात घेते. ‘पॉलिमर’ ठेवू की विश्वकोशातला ‘बहुवारिक’?

प्रतिसाद
‘बहुवारिक’ सुंदर शब्द आहे, जोडीला ‘एकवारिक’ (साखळीतला एकेक लहान रेणू, मोनोमर) असल्यामुळे फारच उपयोगी. एकदा दोन्ही शब्द सोबत द्या, पुढे जो सुटसुटीत वाटेल तो. फक्त ‘प्लास्टिक’ म्हणू नका. कापसातलं सेल्युलोज आणि रेशीमही पॉलिमरच आहेत.

प्रतिसाद
एक भर घालतो. मोबाइलचे ओएलईडी (स्वतः प्रकाश देणारे) पडदे ‘रेणवीय इलेक्ट्रॉनिकी’त टाकू नका. तिथे एकेका रेणूतून प्रवाह नेत नाहीत, कार्बनी पदार्थांचे अतिशय पातळ थर वापरतात. कोडॅक कंपनीतल्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी 1987 साली असे प्रकाश देणारे थर दाखवले, आणि 1990 साली केंब्रिजमध्ये पॉलिमरमधूनही प्रकाश मिळाला. त्या क्षेत्राचं नाव ‘सेंद्रिय इलेक्ट्रॉनिकी’. मात्र ‘सेंद्रिय’ म्हटलं की आज शेती आणि भाजीपालाच आठवतो, तेव्हा ‘कार्बनी संयुगांची’ असा खुलासा त्याच परिच्छेदात द्या.