आईला डेंटिस्टकडे कसं न्यायचं? दुखत काहीच नाही म्हणते (मदत हवी आहे)

मंडळी, जरा सल्ला द्या. आई ६३ वर्षांची, कराडजवळ गावी असते, मी पुण्यात. दहा वर्षं झाली शुगर आहे, गोळ्या चालू आहेत पण आकडा वरखाली होत असतो. डोळे दरवर्षी तपासतो, पायांकडेही लक्ष असतं पण दात मात्र कुणी बघितलेलेच नाहीत. आयुष्यात दोनदा डेंटिस्टकडे गेली आणि दोन्ही वेळा दाढ काढूनच आली, त्यामुळे डेंटिस्ट म्हणजे पक्कड हे डोक्यात फिट्ट बसलंय.

त्यात रोज सकाळी मिश्री, चाळीस वर्षं. तिच्या मते दात टिकलेत ते मिश्रीमुळेच!! आता दिवाळीत गेले तर भाकरी आमटीत कुस्करून खात होती, विचारलं तर 'जरा हुळहुळतात गं'. हिरड्या खाली सरकल्यात, पुढचे दोन दात लांब दिसायला लागलेत. पण दुखत नाही, मग कशाला जायचं हे पालुपद चालू.

मी तरी कुठली शहाणी म्हणा. गेल्या वर्षी माझी रूट कॅनाल झाली त्या दाढेत आदल्या रात्रीपर्यंत काही जाणवत नव्हतं, एक्स-रेत बघितलं तर दोन दाढांच्या फटीतून कीड थेट नसेपर्यंत गेलेली आणि वरून दाढ ठणठणीत. वरच्या इनॅमलला दुखणं कळतच नाही हे तेव्हा समजलं, आधी गेले असते तर साध्या फिलिंगवर भागलं असतं.

तर प्रश्न असा की पूर्ण तपासणी म्हणजे नेमकं काय काय बघतात? आमच्या शेजारच्या काकूंना एका दवाखान्यात 'आ करा' म्हणून टॉर्च मारली आणि दोन मिनिटात क्लिनिंगला बसवलं. नंतर त्या गावभर सांगत फिरल्या की क्लिनिंगने दात हलायला लागले, आईने ते ऐकलं आणि विषय संपला. आणि तो पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे खरंच लागतो का की बिल वाढवायला?

दंतकथा: मी डेंटिस्ट आहे, आयडीवरून कळलंच असेल. काकूंचे दात क्लिनिंगने नाही हलले, आतलं हाड आधीच झिजलेलं होतं आणि कीटणाने दात एकमेकांना धरून ठेवले होते, ते निघाल्यावर हलणं कळलं एवढंच. आईंच्या हिरड्या नुसत्या टॉर्चने तपासून चालणार नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई असते, ती प्रत्येक दाताभोवती सहा जागी, दात आणि हिरडीमधल्या फटीत घालून खोली मोजतात. १ ते ३ ठीक, ४ किंवा जास्त आलं की लक्ष द्यायचं. मोजतात का हे तुम्हीच विचारा, न मोजता क्लिनिंग म्हणाले तर सरळ उठा. शुगर आणि हिरड्यांचं दुहेरी आहे, शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात येत नाही. ओपीजी तुमच्या केसमध्ये एकदा काढण्यात अर्थ आहे, दर सहा महिन्यांनी काढायला सांगितला तर कशासाठी ते विचारा. आणि सहा महिने हा काही सगळ्यांना एकच नियम नाही, ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात मोठ्यांसाठी धोका बघून ३ ते २४ महिने असं आहे. आईंना सुरुवातीला तीन-चार महिन्यांनी यावं लागेल. एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट न्या. रक्त पातळ करायची किंवा हाडांची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घाटावरची: ताई, कराडला मलकापुरात कृष्णाचं डेंटल कॉलेज आहे की, तिकडे न्या. कॉलेजात वेळ जातो, आधी विद्यार्थी बघतात मग सर येऊन परत बघतात, पण घाई नसते. आमच्या सासऱ्यांना आम्ही दातांचं नावच नाही काढलं, शुगरच्या डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर लिहून घेतलं. लेकीचं ऐकत नाहीत, चिठ्ठीचं ऐकतात.

(मीच परत): घाटावरची, काय डोकं चालवलंत! काल शुगरच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी 'दात व हिरड्या तपासणे' असं लिहून दिलं. आई म्हणे 'लिहिलंय तर जाऊ, पण दाढ काढू देणार नाही, आधीच सांगून ठेव.' शनिवारी जातोय. दंतकथा, त्या दिवशी मिश्री लावू नको म्हणून सांगू का? दात काळे बघून डॉक्टर ओरडतील याचीच तिला जास्त धास्ती आहे.

दंतकथा: पहिल्याच दिवशी त्यावरून वाद नको, नाहीतर येणारच नाहीत. सोडायचं बघू नंतर, ते सोडायलाच हवं. फक्त मिश्री नेमकी कुठे लावतात, किती वेळ ठेवतात ते त्यांनाच सांगू द्या, कारण पांढरा चट्टा (पुढे कॅन्सर होऊ शकतो असा) बहुतेक त्याच जागी उठतो आणि तोही दुखत नाही. गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली सगळं बघून घ्या. आणि सकाळी नाश्ता, गोळी घेऊनच निघा, उपाशीपोटी आणू नका.