ज्युलियाची भेट चुकवू नका

रिसॉर्टवर टीव्हीवरच्या पात्रांचे वेश घालून मुलांना भेटायला येतात, त्याबद्दल 'लहान मुलं त्या मोठ्या बाहुल्यांना घाबरतात, पैसे वाया जातात' असं काही जण म्हणतात, ते निम्मंच पटलं. वेस्ट इंडिजमधल्या टर्क्स आणि केकॉस बेटांवरच्या 'बीचेस' रिसॉर्टवर, 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमातला एल्मो दिसताच माझा भाचाही ताईच्या मागे लपला. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, गर्दी आणि गोंगाट त्याला सोसत नाही. पण तिथे 'सेसमी स्ट्रीट'मधली ज्युलियाही भेटते, आणि ती स्वतः स्वमग्न आहे! २०१७ पासून ती टीव्हीवर आहे. तिच्यासोबत चित्रं रंगवायची असतात, मिठी मारायलाच हवी असं काही नाही. भाचा बराच वेळ खाली मान घालून रंगवत बसला, मग आपणहून तिच्या हाताला बोट लावलं त्याने. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

असं मूल सोबत असेल तर बुकिंग करतानाच सांगा, आणि पहिली भेट जेवणाच्या गर्दीत नको.