नुबा पर्वतातल्या मिशन रुग्णालयाला आपण पैसे पाठवावेत का?

गिरीजकर

यंदाच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या आळीतल्या काही घरांनी वर्गणी काढायचं ठरवलंय. पैसे जाणार सुदानला, नुबा पर्वतातल्या गिदेल गावच्या ‘मदर ऑफ मर्सी’ या कॅथलिक रुग्णालयाला. यावरून घरात आणि मित्रांत एवढी खडाजंगी झाली की म्हटलं इथेच मांडावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एल ओबेद धर्मप्रांताचे बिशप मॅक्रम गासिस यांनी हे रुग्णालय उभं केलं, ते २००८ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून टॉम कॅटेना हा अमेरिकन सर्जन तिथे आहे. फादर नाही, ब्रदर नाही. साधा कॅथलिक डॉक्टर, पुढे तिथल्याच एका नुबा नर्सशी लग्न केलेला. जून २०११ मध्ये खार्तुमचं सरकार आणि नुबा बंडखोर यांच्यात लढाई पेटली, विमानांतून बॉम्ब पडू लागले आणि बाहेरच्या बहुतेक संस्थांनी माणसं काढून घेतली. हा राहिला. मे २०१४ मध्ये खुद्द रुग्णालयावर बॉम्ब पडले, तरी राहिला. कित्येक वर्षं त्या सगळ्या मुलखात पोट फाडून गोळी काढू शकेल असा हा एकच माणूस होता. रुग्ण मुसलमान, ख्रिस्ती, जुन्या देवांना मानणारे, सगळे. नुबांत एकाच घरात हे तिन्ही सापडतात.

एप्रिल २०२३ पासून सुदानचं सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांचं नवं युद्ध सुरू झालं आणि जीव वाचवायला लोक डोंगरांकडे आले. डिसेंबर २०२४ मध्ये तर पश्चिम नुबा पर्वतात दुष्काळ जाहीर झाला.

माझं मत सरळ आहे. जो पळाला नाही त्याच्या हातात पैसे द्यावेत. दारावर क्रूस आहे याची मला अडचण वाटत नाही. त्या क्रुसामुळेच तो माणूस तिथे टिकला, असं मी म्हणेन. विरोधी मतं ऐकायची आहेत.

तर्कट

अडचण तुम्हाला वाटणार नाहीच, क्रूस तुमचा आहे. राग मानू नका.

पोरगं तापाने फणफणलंय, वरून विमान घिरट्या घालतंय, पन्नास मैलांत उघडा दरवाजा एकच आणि त्यावर एका धर्माची खूण. अशा वेळी त्या आईच्या मनात जे काही रुजतं त्याला स्वेच्छा म्हणायचं का? कोणी तिला ‘बाप्तिस्मा घे’ म्हणायची गरजच नाही.

आणि सुदानमध्ये हा प्रश्न कोरा नाही. इंग्रजांनी दक्षिण सुदानचे तुकडे पाडून वेगवेगळ्या मिशनांना वाटून दिले होते, शाळा त्यांच्या हवाली केल्या होत्या. उत्तर अरबी आणि मुसलमान, दक्षिण इंग्रजी आणि ख्रिस्ती, ही भिंत सरकार आणि मिशन यांनी मिळून बांधली. १९६४ मध्ये खार्तुमने दक्षिणेतले सगळे परदेशी मिशनरी हाकलले ते दुष्टपणे हाकलले असतील, पण विनाकारण नाही. आपल्याकडेही मध्य प्रदेशात मिशनरींच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल याच दुखण्यावर होता.

नगरचा_पाव्हणा

तर्कटराव, ‘पोटासाठी बाटले’ हे आमच्या घराण्याने चार पिढ्या ऐकलंय, त्यामुळे कान तयार आहेत.

पणजोबा दुष्काळात मिशनच्या कामावर गेले. तिथे भाकरी मिळाली, अक्षर मिळालं आणि गावच्या विहिरीवर जे मिळत नव्हतं ते पाणीही मिळालं. पुढे ख्रिस्ती झाले. आता यात पोट किती आणि मन किती, हे तुम्ही कोणत्या तराजूत मोजणार? पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली उचलून केडगावला आणल्या, तेव्हाही पुण्यात हाच आरडाओरडा झाला. आरडाओरडा करणाऱ्यांपैकी किती जण त्या मुली आणायला गेले होते?

स्वेच्छेचा प्रश्न खोटा नाही. पण तो नेहमी भाकरी देणाऱ्यालाच विचारला जातो. उपाशी ठेवणाऱ्याला कोणी विचारत नाही. नुबा लोकांना उपाशी कोणी ठेवलं? १९९२ मध्ये त्यांच्याविरुद्ध जिहाद पुकारला गेला आणि बंडखोरांच्या बाजूचे मुसलमानही काफर ठरवले गेले. मशिदीही सुटल्या नाहीत.

इतिहासाची_वही

तर्कट यांच्या मुद्द्याला एक जोड. मिशनरी हाकलल्यानंतर दक्षिणेतला ख्रिस्ती धर्म आटला नाही, फोफावला. तिथल्या डिंका जमातीचे लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते १९८३ नंतरच्या युद्धात, तेही गोऱ्या पाद्र्यांमुळे नाही. गावोगाव फिरणाऱ्या त्यांच्याच तरुणांमुळे आणि बायकांमुळे, विस्थापितांच्या छावण्यांत. त्यामुळे ‘परदेशी पैसा म्हणजे धर्मांतर’ हे समीकरण तिथे तरी बसत नाही.

पण गिरीजकरांनाही एक प्रश्न. दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष सलवा कीर कॅथलिक, त्यांचे उपाध्यक्ष आणि पुढे प्रतिस्पर्धी झालेले रियेक माचार प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट. डिसेंबर २०१३ मध्ये दोघांच्या फौजा एकमेकांच्या जमातींची कत्तल करत होत्या. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या दोघांचे पाय चुंबून शांततेची भीक मागितली, तरी फारसा फरक पडला नाही. शंभर वर्षांच्या मिशनकार्याचं हे फलित कोणत्या रकान्यात मांडायचं?

किनारपट्टी

मेळघाटात पोरं मरतायत आणि यांना सुदान सुचतंय. चालू द्या.

नगरचा_पाव्हणा

@किनारपट्टी, मेळघाटला काय पाठवलंत ते लिहा, मीही तेवढेच घालतो.

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ आहे, संघर्षग्रस्त भागात मदतसंस्थेबरोबर काम केलंय (सुदानमध्ये नाही). गिदेलच्या डॉक्टरांबद्दल आदरच आहे. पण धर्मांतराच्या वादात खरा प्रश्न बाजूला पडतोय असं वाटतं.

पहिली गोष्ट, फक्त क्रूसवालेच राहिले हे अर्धसत्य आहे. त्याच नुबा पर्वतात फरांदालाला ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’चं रुग्णालय होतं. त्यावर जून २०१४ मध्ये बॉम्ब पडले, पुन्हा जानेवारी २०१५ मध्ये पडले.

दुसरी आणि मोठी. देणगीदार लांब बसून जी गोष्ट ऐकतो ती त्याला ऐकवण्यासाठी बेतलेली असते. सुदानच्या बाबतीत चर्चमधली ठरलेली गोष्ट म्हणजे ‘मुसलमानांकडून छळले जाणारे आपले ख्रिस्ती बांधव’. नुबांचं युद्ध तसं कधीच नव्हतं, वर पाव्हण्यांनी लिहिलंच आहे. पण त्या गोष्टीवर पैसा धो धो येतो, आणि तो काय करू शकतो याचं उदाहरण तिथलंच आहे.

१९९५ पासून ‘ख्रिश्चन सॉलिडॅरिटी इंटरनॅशनल’ या स्वित्झर्लंडच्या संस्थेने दक्षिण सुदानमधले गुलाम पैसे मोजून सोडवायला सुरुवात केली. माणशी साधारण ५० डॉलर. गुलामी खरी होती, अरब टोळ्या डिंका गावांतून बायका-पोरं पळवून नेत होत्या. कोलोराडोतल्या शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले, लोक रडले. पण जिथे गावकऱ्यांच्या हातात रोकड दिसतच नाही तिथे ५० डॉलर म्हणजे बाजारच उभा राहतो. माणसं विकत घेणं मान्य नाही, असं युनिसेफने १९९९ मध्ये उघड सांगितलं. त्याच वर्षी या संस्थेने संयुक्त राष्ट्रांत आपल्या नावावर बंडखोर नेते जॉन गारांग यांना बोलू दिलं आणि स्वतःचा सल्लागार दर्जा गमावला. २००२ मध्ये बातम्या आल्या की काही ठिकाणी गावातलीच माणसं ‘गुलाम’ म्हणून उभी केली होती आणि पैसा बंडखोर अधिकाऱ्यांच्या खिशात जात होता. संस्थेने आरोप नाकारले. पण ज्यांनी खाऊचे पैसे दिले त्यांना यातलं काय कळणार होतं?

गिदेल म्हणजे गुलामखरेदी नव्हे, हे मला कळतं. माझा मुद्दा एवढाच की पैसे देणाऱ्याचा हेतू चांगला असणं पुरेसं नसतं.

गिरीजकर

भूलवाली ताई, प्रतिसाद आवडला आणि टोचलाही. फरांदालाचं मी लिहायला हवं होतं. पण त्याची पुढची ओळ तुम्ही गाळलीत. जानेवारी २०१५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर त्या संस्थेने तिथलं काम थांबवलं. मी त्यांना भित्रे म्हणत नाहीये. माणसं मरतील तर काम थांबवायचं, हा त्यांचा नियम आहे आणि योग्यच आहे. मिशनवाल्याचा नियम वेगळा असतो, त्याला धनी वेगळा असतो. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

वहीवाले, कीर आणि माचार यांचं उत्तर माझ्याकडे नाही. पण १९९९ मध्ये दक्षिण सुदानातल्या वुनलितला डिंका आणि नुएर, म्हणजे कीर आणि माचार यांच्याच जमाती, यांना समोरासमोर बसवून तह घडवला तो चर्चच्या परिषदेनेच, हेही त्याच रकान्यात लिहा.

तर्कटराव, येमेनचं बघा. तिथे कोणाचं धर्मांतर करणं शक्यच नाही. तरी मदर तेरेसांच्या सिस्टर एडनला वृद्धाश्रम चालवत होत्या. ४ मार्च २०१६ ला चार सिस्टरना मारलं, त्यांतली एक आपल्या झारखंडची. काय मिळवायला गेल्या होत्या?

हिशेबनीस

अवांतर, पण उपयोगी. वर्गणी गोळा करून ट्रस्टच्या खात्यातून बाहेर पाठवायचा विचार असेल तर थांबा. रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवण्याची सवलत योजना व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. शिवाय धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला तर त्या रकमेवर करसूट मिळायला प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून पाठवा, देणगीवरची करसवलत (८०जी) विसरा. आणि घेणाऱ्या संस्थेचा वार्षिक हिशेब मागवा. गिदेलसाठी अमेरिकेतली ‘आफ्रिकन मिशन हेल्थकेअर’ पैसे गोळा करते, तिच्याकडे विचारणा करता येईल.

भूलवाली

‘धनी वेगळा असतो’ हे मान्य. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये काय झालं ते धाग्यात आलंच नाही. गिदेल ज्यांच्या ताब्यात आहे त्या अल-हिलूंच्या बंडखोर गटाने नैरोबीत आरएसएफशी हातमिळवणी केली. हेच आरएसएफ, ज्यांनी २०२३ मध्ये दारफुरात मसालित लोकांना वेचून मारलं. आता तिथे बरा होऊन बाहेर पडणारा जखमी सैनिक कोणाच्या बाजूने लढायला जाणार?

गिरीजकर

तो सैनिक टेबलावर असताना तुम्ही त्याला भूल द्याल की नाही, ताई?

भूलवाली

देईन. आणि दुसऱ्या बाजूचा आला तर त्यालाही. तेवढंच गिदेलला लिहून विचारा, की सैन्याचा जखमी आला तर घेता का. उत्तर ‘हो’ असेल तर माझेही पैसे धरा.

तर्कट

माझे धरू नका. मला द्यायचेच असतील तर मी खार्तुम आणि दारफुरातल्या ‘आपत्कालीन मदत कक्षां’ना देईन. २०१८-१९ च्या क्रांतीतल्या मोहल्ला समित्यांतून उभी राहिलेली तिथलीच पोरं, गल्लोगल्ली सामुदायिक स्वयंपाकघरं चालवणारी. तीही पळाली नाहीत, गिरीजकर. त्यांना मिशन नाही, बिशप नाही, आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा त्यांची शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. तुमच्या उपवासकाळाच्या वर्गणीत त्यांचं नाव का सुचलं नाही, याचं उत्तर द्या.

गिरीजकर

कारण आमच्या फादरनी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. तुम्ही आज घेतलंत. हिशेबनीस, त्यांना पैसे कुठल्या मार्गाने पोचतात हे शोधता येईल का? रविवारी मिस्सानंतर वर्गणीची बैठक आहे.